तीस गुंठे, बारा कोंबड्या, दोन शेळ्या : मृग ते मृग

रातांबा | ९ जून २०२४

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी पुण्याचं बिऱ्हाड आवरलं आणि दापोली तालुक्यात सासऱ्यांच्या जागेत येऊन राहिलो. जागा तीस गुंठे. ऐकायला बरी वाटते, पण त्यातले दहा-बारा गुंठे निव्वळ कातळ, पहार मारली की ठिणगी उडते. उरलेल्यात घर, पडवी, खळं, विहीर आणि मागे परसव. झाडं सासऱ्यांच्या हातची: सात हापूस, चार फणस, बांधाला काजू आणि विहिरीजवळ दोन रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं. ह्यांच्या नोकरीची तीन वर्षं शिल्लक होती, ती शिल्लकच राहू दिली.

नव्या जागेत शहाणी माणसं आधी पाणी बघतात, मग कुंपण. आम्ही कोंबड्या आणल्या. दहा माद्या, दोन कोंबडे, सगळे गावठी. मग शेजारच्या काकी म्हणाल्या, "फणसाचा पाला फुकट जातोय तुमचा," म्हणून दोन शेळ्या आणल्या. एक कोकण कन्याळ, काळीभोर, तोंडावर पांढरे पट्टे. दुसरी कुठल्याच जातीची नाही, पण डोकं तिलाच आहे. कुत्रा आपणहून आला आणि पडवीत राहिला.

मे महिन्यात परसवात मांडव घातला. वीतभर खणलं की जांभा लागतो, म्हणून आळी न खणता वाफे वर रचले: खाली पातेरा, मध्ये शेणखत, वर माती आणि चुलीतली राख. जांभ्याची माती आंबट असते, राखेने जरा ताळ्यावर येते. पडवळ, शिराळी, कारली, काकडी मांडवाला. भेंडी, मिरची, वांगी खाली. ६ तारखेला पाऊस आला, मृग लागलं, बिया वर आल्या. वर्षभर इथेच नोंदी ठेवीन म्हणते. वहीत लिहिल्या की ह्यांच्या दूधवाल्याच्या हिशेबात मिसळतात.

पहिला प्रश्न लगेच: शेळ्यांना चार महिने ह्या पावसात ठेवायचं कसं?

तिखटमीठ | ९ जून २०२४

वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो दिसत नाहीत.

रातांबा | ९ जून २०२४

टाकलेच नाहीत हो.

गुंठेवारी | १० जून २०२४

शुभेच्छा. एकच विनंती, हिशेब लिहा. असल्या धाग्यांत धुकं असतं, चुलीवरचा चहा असतो, कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या असतात, आकडा तेवढा नसतो. मी स्वतः भोरजवळ जागा बघतोय. एक अंडं घरात येईपर्यंत केवढ्याला पडतं ते एकदा कोणीतरी खरं सांगा.

ढोरांचा डॉक्टर | १० जून २०२४

ताई, मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालोय. मूळचा साताऱ्याचा, पण सहा वर्षं कोकणात काढलीत. शेळीला थंडी मारत नाही, ओल मारते. गोठ्यात जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर फळ्यांचा माचा करा. दोन फळ्यांत बोटभर फट हवी, लेंड्या आणि मूत खाली पडलं पाहिजे, पण खूर अडकता कामा नये. खालचं खत परसवाला.

दुसरं, पहिल्या पावसाचं कोवळं गवत. शेळ्या त्यावर अधाशासारख्या तुटून पडतात आणि पोट फुगतं. सकाळी आधी वाळलं गवत किंवा पेंढा द्या, मग बाहेर सोडा. आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचायची असते. झाली नसेल तर उद्याच दवाखान्यात जा, परवा नको.

कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेतची) लस दिलीय का?

वऱ्हाडी झुणका | १० जून २०२४

अवो ताई, आमच्याकडं अकोल्याले ढग नुसते येऊन पाहून जाऊन राह्यले, आन तुमच्या शेळ्याईले माडी बांधा म्हणते डॉक्टर! आमच्या बेरारी शेळ्या आयकतीन त मोर्चा काढतीन.

नारळीपोफळी | ११ जून २०२४

वैनी, गाववाले दिसता. मी गुहागरचा. एवढं लिहिलंत, वईबद्दल, म्हणजे कुंपणाबद्दल, अक्षर नाही. वई घातलीत काय?

रातांबा | ११ जून २०२४

तीन बाजूंना सासऱ्यांनी रचलेला जांभ्याचा गडगा आहे, छातीपर्यंत. चौथी बाजू, दीडशेक फूट, उघडी आहे. पलीकडे भावकीची पडीक जागा, त्यापुढे रान. दिवाळीनंतर बघू म्हणतोय.

डॉक्टरसाहेब, मानमोडीची नाही दिली. शेळ्यांना उद्याच घेऊन जाते.

नारळीपोफळी | ११ जून २०२४

म्हणजे तीन बाजूंना भिंत नि चौथीला दरवाजा. बरं.

रातांबा | २१ जुलै २०२४

दीड महिन्याने येतेय. पावसाने नुसतं झोडपलंय. १४ तारखेला खेडला जगबुडीला पूर आला, दिवाणखवटीजवळ दरड येऊन कोकण रेल्वे बंद पडली आणि मुंबईहून निघालेली आमची लेक अर्ध्या वाटेतून परत गेली. शेळ्या मात्र माच्यावर आरामात आहेत. हुशार आहे म्हटलं ती शेळी माच्याच्या कडेला बसून पावसाकडे बघत रवंथ करते, अगदी आमच्या सासूबाई बसायच्या तशी.

आता खरी बातमी. १८ जूनला काळी कोंबडी खुडूक बसली. पिसं फुगवलेली, नजर स्थिर, हात नेला की टोच. टोपलीत पेंढा घालून खाली अकरा अंडी ठेवली. सातव्या रात्री दिवे घालवून एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मधला काळा ठिपका हलतो. मी बावन्न वर्षांची बाई, दोन बाळंतपणं झालेली, तरी अंधारात "हललं, हललं" म्हणून ओरडले. एक अंडं कोरं निघालं, ते काढून टाकलं. बरोबर एकविसाव्या दिवशी, ९ जुलैला, नऊ पिल्लं. एक कवचाला टोचा मारून आतच गेलं.

मग लस. मानमोडीवरची लासोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात द्यायची असते, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आमची पिल्लं नऊ आणि दुकानात सगळ्यात लहान कुपी शंभर मात्रांची! ती थंडच राहिली पाहिजे आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. ह्यांनी दापोलीहून थर्मासमध्ये बर्फ घालून ती आणली आणि मी वाडीत दवंडी दिल्यासारखी सगळ्या घरी फिरले. दुपारी आमच्या खळ्यात डाली, टोपल्या, पिशव्या घेऊन बायका जमल्या. काकी म्हणाल्या, "कोंबडीच्या डोळ्यात औषध? उद्या चष्मा पण लावशील." सगळ्यांची मिळून मोठी आणि लहान धरून त्र्याहत्तर झाली. काही जणींना पोह्याशिवाय जाऊ दिलं नाही, त्यामुळे लसीपेक्षा पोहे महाग पडले. गुंठेवारी, हेही लिहून ठेवलंय.

परसवात गोगलगाई. मोठ्या, आफ्रिकन म्हणतात त्या. एका रात्रीत भेंडीची सगळी रोपं दांड्यावर आली. काय करू?

ढोरांचा डॉक्टर | २१ जुलै २०२४

शंभराच्या कुपीला वाडी गोळा केलीत हे फार चांगलं केलंत. शेजारच्या घरी मानमोडी आली की ती आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. मोठ्या पक्ष्यांना दोन-तीन महिन्यांनी पुन्हा.

गोगलगाईंची विषारी गोळी परसात टाकू नका. कुत्रा खाईल, कोंबड्या खातील.

नारळीपोफळी | २२ जुलै २०२४

गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवा, तिन्हीसांजेला वाफ्यांच्या कडेने पसरा. सकाळी उचललंत की खाली जत्रा भरलेली असते. चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. आठ-दहा दिवस रोज. कंटाळा केलात की परत पहिल्यापासून.

नि वई?

मेलबर्नची माळीण | २३ जुलै २०२४

मस्त धागा! आमच्याकडे आत्ता ऐन थंडी, चार कोंबड्या आहेत आणि जूनपासून अंडं नाही. दिवस लहान झाला की त्या संपावर जातात. तुमच्याकडेही डिसेंबरात थोडं जाणवेल. इथे शत्रू म्हणजे कोल्हा. एक रात्र खुराड्याचं दार लावायला विसरलो आणि सकाळी फक्त पिसं. तेव्हापासून नवरा रोज रात्री दोनदा कडी बघतो, घराची विसरतो.

रातांबा | १८ ऑगस्ट २०२४

काय लिहू.

बुधवारी दुपारी, साधारण अडीचला. भुरभुर पाऊस होता. काळी कोंबडी पिल्लांना घेऊन त्या चौथ्या बाजूला, पडीक जागेच्या कडेला माती उकरत होती. मी पडवीत वाल निवडत बसले होते. कोंबडी ओरडते त्याचे प्रकार आता मला कळतात. अंडं घातल्याचा बोभाटा वेगळा, घार दिसल्याचा वेगळा. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चप्पल न घालता धावले.

मुंगूस होतं. माणूस आला म्हणून पळून जावं एवढीही त्याला घाई नव्हती. तोंडात पिल्लू, ते घेऊन रानात शिरलं आणि मी तिथे उभी असताना दुसऱ्यांदा आलं. कोंबडी त्याच्या अंगावर जात होती, पंख पसरून, दुप्पट होऊन. मी हातातली परात फेकली तेव्हा ते गेलं. पाच पिल्लं नेली. कोंबडीच्या मानेला दोन भोकं पडली होती. हळद लावली, टोपलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. चार पिल्लं रात्रभर तिच्याच पंखाखाली होती, सकाळी पण तिथेच.

आता त्यांना खोक्यात ठेवलंय, बल्ब लावून. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून.

नारळीपोफळी, तुम्ही काही बोलू नका.

नारळीपोफळी | १८ ऑगस्ट २०२४

नाय बोलत, वैनी. बाटली सकाळी फार गार होऊ देऊ नका, चार वाजता एकदा बदला.

पाटावरचा | १८ ऑगस्ट २०२४

फासा लावा. एक सापडलं की बाकीची येत नाहीत.

ढोरांचा डॉक्टर | १९ ऑगस्ट २०२४

फासा लावायचा नाही. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. शिवाय उंदीर-सापांवर परसात तेवढाच वचक असतो, हे विसरू नका. ते त्याचं काम करतंय. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत डालीखाली किंवा बारीक जाळीच्या आत ठेवायची, मोकळी नाही. मुंगूस दिवसा येतं, उदमांजर आणि रानमांजर रात्री. म्हणजे चोवीस तासांची ड्यूटी लागलेली आहे, असं धरून चला.

गुंठेवारी | १९ ऑगस्ट २०२४

वाईट वाटलं. हिशेबाचं मी आत्ता विचारत नाही.

रातांबा | २० ऑक्टोबर २०२४

चारही पिल्लं जगली. दोन कोंबडे निघाले, त्यामुळे पहाटे आता चार आवाज.

पडवळ म्हणजे ह्या वर्षीचा माझा मान. पडवळ वेलावर वळत वळत शिंगासारखं व्हायला बघतं. काकींनी सांगितलं म्हणून ते करंगळीएवढं असतानाच टोकाला सुतळीने लहान खडा बांधला. आठवड्याने खडा बदलायचा, जरासा जड. एक तर माझ्या खांद्याएवढं झालं. सकाळी मांडवाखाली उभं राहिलं की वरून सगळे खडे टांगलेले, डोक्याला लागतात. गौरीच्या नैवेद्याला घरचं पडवळ होतं, चण्याची डाळ घालून.

कारल्याची गत वेगळी. फळमाशीने अर्धी कारली आतून सडवली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आणला. पहिल्यांदा आंब्याचं आमिष लावून बसले होते आणि कारल्याची माशी ढुंकून बघेना. वेलभाज्यांना क्यू-ल्यूर, आंब्याला मिथाईल युजेनॉल, हे डोक्यात ठेवा, माझे पंधरा दिवस गेले. शेवटी काही फळांना कागदाच्या पिशव्या घातल्या.

आणि हो, वई. घातली! जाळीवाल्याने दीडशे फुटांचा आकडा सांगितल्यावर हे बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग दोन गडी घेऊन बांबूचे खांब रोवले आणि मध्ये शेवरीच्या फांद्या दाट विणल्या. तीन दिवस. हात ओरबाडून निघाले. आता दरवाजा बंद, नारळीपोफळी.

नारळीपोफळी | २० ऑक्टोबर २०२४

शाब्बास. फक्त शेवरी कशाला घेतलीत? निरगुडी नव्हती?

रातांबा | २० ऑक्टोबर २०२४

शेवरी जवळ होती म्हणून. का?

नारळीपोफळी | २१ ऑक्टोबर २०२४

असंच विचारलं.

रातांबा | २८ डिसेंबर २०२४

हिवाळी भाजीचं दोन ओळींत: पाऊस ओसरल्यावर वाल, मुळा, लाल माठ, नवलकोल घातला, सगळं आलं, विहिरीला पाणी होतं, तक्रार नाही. अंडी कमी झालीत, माळीणबाई म्हणाल्या तशी. शिवाय तीन जणींची पिसं झडतायत, त्या अगदी उपटलेल्या उशीसारख्या दिसतात. अंड्यांची कवचं पातळ होत होती, तर तिसऱ्यांच्या शिंपल्या चुलीत भाजून कुटून ठेवायला लागले. कोळणीला वाटतं आम्ही फार तिसऱ्या खातो.

मुख्य गोष्ट अशी की परवा रात्री कन्याळ व्यायली. जुलै संपता संपता काकींच्या बोकडाकडे नेली होती, दीडशे दिवस मोजून ठेवलेले होते. संध्याकाळपासून ती उठत-बसत होती, पायाने पेंढा उकरत होती. साडेअकराला पहिलं करडू आलं, पुढचे दोन पाय, त्यावर नाक, पुस्तकात असतं तसं. ती ते चाटत असतानाच दुसरं आलं आणि ते हलेना. ओलं, लोंबतं, जीभ निळसर. ह्यांच्या हातात टॉर्च थरथरत होता. मी नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, मागचे पाय धरून डोकं खाली केलं, गोणपाटाने बरगड्या चोळल्या. काही नाही. तेवढ्यात काकी आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, उजेड बघून आल्या. पेंढ्याची काडी घेतली आणि त्याच्या नाकपुडीत सारली. शिंकलं. एवढुसं. आणि मग श्वास.

अर्ध्या तासात दोघांना चीक पाजला. दुसऱ्याला चोखता येत नव्हतं म्हणून पिळून बोटावर, मग बाटलीने. एक पाट म्हणजे मादी, एक बोकड. काडीचा मान पाटीचा. डॉक्टर, नाळेला आयोडीन लावलंय. वार पहाटे पडली, ओढली नाही.

ढोरांचा डॉक्टर | २८ डिसेंबर २०२४

सगळं बरोबर. पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेला की निम्मी लढाई जिंकली. काडीचा उपाय आम्हाला कॉलेजात शिकवला होता, काकींना कोणी शिकवला ते विचारा. पाटीचं वजन दर आठवड्याला लिहा.

वऱ्हाडी झुणका | २९ डिसेंबर २०२४

ताई, वाचता वाचता मी बी श्वास धरून बसलो होतो. पाटीचं नाव काडी ठेवा.

तिखटमीठ | २९ डिसेंबर २०२४

पहिल्यांदाच विचारतो: फोटो?

रातांबा | २९ डिसेंबर २०२४

टॉर्च धरायला माणूस पुरत नव्हता, फोटो कोण काढणार. नाव काडीच ठेवलंय.

रातांबा | १६ फेब्रुवारी २०२५

हसायचं असेल त्यांनी हसून घ्या.

काल आम्ही दोघं लग्नाला चिपळूणला गेलो होतो. वर्षातली पहिली पूर्ण दिवसाची रजा, दूध-पाण्याची जबाबदारी काकींच्या नातवावर. त्याने शेळ्या परसवात मोकळ्या सोडल्या. वई आहे ना! संध्याकाळी आलो तर चौथ्या बाजूला बांबूचे खांब तेवढे उभे. शेवरीची पानं गेली, साल गेली, कोवळ्या फांद्या गेल्या. मग पोट भरायचं राहिलं म्हणून वालाचा अख्खा वाफा. दाणे भरत आलेला वाल, पुढच्या आठवड्यात पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या, ठरलं होतं.

कुंपणानेच शेत खाल्लं असं आपल्यात म्हणतात. आमच्याकडे शेळीने कुंपण खाल्लं, शेत त्यावर तोंडी लावायला.

नारळीपोफळी, "असंच विचारलं" काय? सांगायचं ना सरळ!

नारळीपोफळी | १६ फेब्रुवारी २०२५

वैनी, सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मी लक्ष ठेवीन. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही, वास सहन होत नाही तिला. नि निरगुडीचे खुंट पावसात लावले की फुटतात. आता जूनपर्यंत करवंदीची काटी घाला, कशीबशी चालेल.

गुंठेवारी | १७ फेब्रुवारी २०२५

माफ करा, ऑफिसात वाचलं आणि चहा कीबोर्डवर गेला. मोहोर कसा आहे?

रातांबा | १७ फेब्रुवारी २०२५

दोन झाडांना बरा, बाकीच्यांना पालवी. त्यावर अख्खा वेगळा धागा निघेल आणि त्यात मारामाऱ्या होतील, म्हणून नको.

रातांबा | २७ मे २०२५

इथल्या कोकणवाल्यांना सांगायला नको. २० तारखेपासूनच पडायला लागला आणि परवा तर मोसमी पाऊस आल्याचं जाहीरच झालं. मे महिन्यात! आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, अर्धी. शाकारणी झाली नाही, पडवीत तीन ठिकाणी पातेली मांडलीत. लाकडं अर्धी भिजली, शेणी भिजल्या, पेंढा काकींच्या आणि आमच्या घरात मिळून कसातरी माळ्यावर चढवला. वाडीत कोणाची सुकट खळ्यात होती, कोणाचे काजू झाडाखाली. विहीर मात्र एप्रिलात तळाला गेली होती, तिला आता पाणीच पाणी.

आणि माझे रातांबे. दोन झाडांचे मिळून तीन पाट्या निघाले होते. फोडून, सालं रसात बुडवून उन्हात, परत रसात, परत उन्हात, अशी पाच-सहा पुटं दिली की आमसुलं. माझी दोन पुटं झाली आणि ऊन गेलं. चौथ्या दिवशी सालांवर पांढरी बुरशी. पाटीभर उकिरड्यावर टाकली.

नारळीपोफळी | २७ मे २०२५

उरल्याचं आगळ करा. त्याला ऊन लागत नाही. फोडलेले रातांबे नि जाडं मीठ बरणीत थरावर थर, रोज एकदा हलवायचं, आठवड्यात रस सुटतो, गाळून बाटल्या भरा. आमच्याकडे ह्या वर्षी सगळं आगळच. बिया टाकू नका, सुकल्या तर तेल निघतं, टाचांच्या भेगांना.

रातांबा | १५ जून २०२५

आगळाच्या अकरा बाटल्या झाल्या. बिया चुलीवरच्या शिंक्यात सुकतायत.

गुंठेवारी, हा तुमचा हिशेब. वर्षात अंडी मोजून ४१२. कणी, कोंडा, मका मिळून ११,२०० रुपये. खुराडा बांधायला ९,४००. म्हणजे एकूण २०,६०० आणि एक अंडं बरोबर ५० रुपयांना. खुराडा दहा वर्षं टिकेल असं ह्यांचं म्हणणं, तो एक दशांशच धरला तरी एकोणतीस-तीसच्या खाली येत नाही. शेजारी गावठी अंडं १५ ला देतात. ह्यात माझी मजुरी नाही, पोहे नाहीत. शेळ्यांचा हिशेब मी केलेला नाही आणि करणार नाही, कारण त्यात वई येते.

गुंठेवारी | १५ जून २०२५

धन्यवाद, ह्याचीच वाट बघत होतो. बायकोला दाखवलं. ती म्हणाली जागा घेऊ, कोंबड्या शेजाऱ्याच्या.

ढोरांचा डॉक्टर | १५ जून २०२५

काडीचं वजन?

रातांबा | १५ जून २०२५

काट्यावर उभी राहत नाही, त्यामुळे तिला उचलून मी उभी राहते आणि माझं वजन वजा करते. पाटी साडेतेरा किलो. माझं इथे लिहीत नाही. ह्या वर्षी आंत्रविषाराची लस मे महिन्यातच टोचून घेतली, पाऊस यायच्या पाच दिवस आधी.

मागच्या पिल्लांमधली तांबडी कोंबडी परवापासून खुडूक आहे. तेरा अंडी ठेवलीत, बारीक जाळीच्या आत.

नारळीपोफळी | १६ जून २०२५

नि वई?

रातांबा | १६ जून २०२५

निरगुडीचे दोनशे दहा खुंट लावले. सात पानं फुटलीत, रोज मोजते. शेळ्या बांधून आहेत.